इग्नूची डिग्री, उद्यमबागची शिफ्ट आणि असाइनमेंटचा ढीग : कसं जमवता सांगा की

सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. गाव येळ्ळूरच्या बाजूचं, काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स इंग्लिशमधून कशीबशी काढलो, मग घरच्या अडचणीत शिक्षण सुटलं. आता इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, बीएला ॲडमिशन घेतलो आहे. फी परवडणारी, रोज कॉलेजला जायचं नाही, म्हटलं जमेल.

पुस्तकं आली तेव्हा बरं वाटलं. आता तीच कपाटावरून माझ्याकडं बघत बसतात. प्रत्येक विषयाची असाइनमेंट वेगळी, सगळी हातानं लिहायची, इंग्लिशमध्ये. शिफ्ट संपवून घरी येईपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. सकाळी डोकं ताजं असतं पण शेताकडं एक फेरी असतेच. विचारायला कोण सर नाही, ढकलायला कोण मित्र नाही. कारखान्यातले म्हणतात, "डिग्री घेऊन काय सुपरवायझर होणार काय?" होय, तेच व्हायचं आहे.

तुमच्यातले ज्यांनी नोकरी सांभाळून असलं काही पूर्ण केलंय त्यांनी सांगा. टाइमटेबल कसं लावलात? असाइनमेंट आधी की वाचन आधी? इंग्लिशचं काय करायचं?

झटपट_बेळगावकर

सोपं आहे भावा. टेलिग्रामवर सॉल्व्हड असाइनमेंट मिळतात, झेरॉक्सच्या दुकानातही मिळतात. उतरवून काढ, देऊन टाक. एवढं टेन्शन कशाला?

शहापूरची_लेक

झटपटराव, तुमच्याकडं नंतर येते. आधी सेकंड_शिफ्टशी बोलू दे.

दादा, मी लग्नानंतर इग्नूतूनच बीए केलं, आता एमए चालू आहे. शहापुरात घरचं साड्यांचं दुकान, सासूबाई, दोन पोरं. म्हणजे मोकळा वेळ माझ्याकडंही नव्हता. सगळ्यात आधी एक हिशेब मांडायला हवा. ॲडमिशन घेताना तो कोणी सांगत नाही.

मी केलेला बीए १३२ क्रेडिटचा. इग्नू एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरते. त्यात वाचन, असाइनमेंट, काउन्सेलिंगचे तास सगळं आलं. म्हणजे वर्षाला ४४ क्रेडिट, १३२० तास. आठवड्याला भागून बघ, पंचवीस तास येतात. प्रत्यक्षात एवढे लागत नाहीत, पण निम्मे तरी लागतातच. आता तूच सांग, सेकंड शिफ्टवाल्या माणसाला आठवड्याचे पंचवीस तास कुठून मिळणार? त्यामुळं "मी मागं पडलो" असं तुला वाटत असेल तर ते आळसामुळं नाही, गणितामुळं आहे.

बरं, त्याच गणितात सुटकाही आहे. तीन वर्षांच्या बीएला इग्नू सहा वर्षांपर्यंत मुदत देते. पुढच्या वर्षाला री-रजिस्ट्रेशन करताना मागचे सगळे विषय पास असायला लागत नाहीत. परीक्षेचा फॉर्म विषयवार भरायचा असतो. आठ विषय असले तरी डिसेंबरला तीन आणि जूनला तीन दे, उरलेले पुढं ढकल. आमच्या ओळखीतल्या पुष्कळांनी पहिल्याच वर्षी सगळे विषय अंगावर घेतले, एकही धड झाला नाही, आणि "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणून सोडून दिलं. हुशार पोरं होती सगळी.

फक्त री-रजिस्ट्रेशनची तारीख चुकवू नकोस. परीक्षा पुढं ढकलता येते, पण ती तारीख गेली की अख्खं सत्र गेलं.

सेकंड_शिफ्ट

अक्का, हे पंचवीस तासांचं मला कोणीच बोललं नव्हतं. थोडं हलकं वाटलं खरं.

नाना_खानापूरकर

पोरा, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेला माणूस. फौजेत असतानाच डिग्री पुरी केली, पोस्टिंग बदलत होती तरी. तुला मी कॅलेंडरचं सांगतो.

इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आपल्याकडं जून म्हणजे काय? पेरणी. डिसेंबर म्हणजे? सुगी. भात कापणी, मळणी, सगळं त्याच दिवसांत. हे वेळापत्रक लावणाऱ्याच्या घरी एक गुंठाही जमीन नसणार! तुझ्या घरची शेती आहे म्हणतोस, मग जूनचे विषय एप्रिल-मे मध्ये वाचून झालेले पाहिजेत आणि डिसेंबरचे दिवाळीच्या आत. परीक्षेच्या महिन्यात वाचू असं धरून चाललास तर त्या महिन्यात हातात विळा असेल.

असाइनमेंटची मुदत साधारण एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर असते. बऱ्याचदा वाढवून देतात, पण त्यावर विसंबू नये. ऑक्टोबरअखेरचं तर मुद्दाम सांगतो. १ नोव्हेंबरला आपल्याकडं एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिवस, वेगळं सांगायला नको. सरकारी सुट्टी, बंदोबस्त, बसचा भरवसा नाही, आणि आदल्या दिवशी सगळ्यांची केंद्रावर झुंबड. आठवडाभर आधी देऊन मोकळा हो.

आणि गावची लक्ष्मी यात्रा ज्या वर्षी असेल त्या वर्षी विषय निम्मे घे. घराला रंग, पाहुणे, मांडव, वर्गणीच्या बैठका. त्या वर्षी अभ्यास करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

येळ्ळूर_एक्स्प्रेस

नाना, यात्रेचं अगदी खरं. आमच्या गावात त्या साली दहावीचा निकालपण खाली आला होता 😄

निपाणीकर_सर

धागा चांगला चाललाय. मी कॉलेजात शिकवतो आणि दूरशिक्षणाच्या असाइनमेंट तपासायला माझ्याकडं येतात. कुठलं केंद्र ते राहू दे. झटपटराव जे सुचवतायत त्याबद्दल टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

गठ्ठा सोडला की पहिल्या पाच-सहा वह्यांतच कळतं कुठल्या दुकानातला माल आहे. एकाच ओळीत तीच स्पेलिंगची चूक, तोच अर्धवट सुटलेला परिच्छेद. पुस्तकातलं वाक्य असतं, "आपण घटक ३ मध्ये पाहिल्याप्रमाणे", ते वाक्य विद्यार्थी आपल्या उत्तरात जसंच्या तसं लिहितो. अरे, तू कुठला घटक ३ लिहिलास? एकदा एका वहीच्या पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर व्हाइटनरनं खोडून वर दुसरा लिहिलेला होता. उजेडासमोर धरल्यावर खालचा नंबर दिसत होता. तो विद्यार्थीही त्याच गठ्ठ्यात, चार वह्या खाली.

सारख्या निघालेल्या वह्या नाकारता येतात, नियम तसा आहे. सगळेच तपासणारे तेवढं बघतात असं मी म्हणणार नाही. बघत नाहीत म्हणूनच दुकानं चालतात. पण तोटा वेगळाच आहे. इग्नूत असाइनमेंटला ३० टक्के वजन आणि लेखी परीक्षेला ७०. बीएला दोन्हीकडं वेगवेगळं ३५ टक्क्यांनी पास व्हावं लागतं. विकतच्या असाइनमेंटवर ८० मिळाले तर निकालात त्याचे २४ झाले. परीक्षेत ३० आले तर विषय गेलाच, ते २४ नुसते कागदावर राहिले. आणि परीक्षेत ३० येतात ते याच पोरांना, कारण त्यांनी त्या विषयावर स्वतः एक पानही लिहिलेलं नसतं. थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पेन उघडतात.

बीएच्या बहुतेक विषयांची असाइनमेंट १०० मार्कांची असते. ५०० शब्दांचे दोन प्रश्न, २५० चे तीन, १०० चे पाच. म्हणजे एका विषयाला सव्वादोन हजार शब्द, आठ विषयांना अठरा हजारांच्या घरात. खूप आहे, मान्य. पण परीक्षेचा निम्मा सराव त्यातच होऊन जातो. प्रश्नांची जात तीच असते.

झटपट_बेळगावकर

सर, तुमचं बरोबर असेल. पण ज्याला फक्त प्रमोशनसाठी कागद पाहिजे त्यानं एवढं का मरायचं? साहेब काय इतिहासावर प्रश्न विचारणार आहे काय?

निपाणीकर_सर

इतिहासावर नाही विचारणार. एक पानाचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहून दे म्हणणार. तेव्हा टेलिग्राम उघडता येत नाही.

शहापूरची_लेक

सरांनी माझं काम केलं. झटपटराव, तुम्ही सुटलात.

सेकंड_शिफ्ट, तू विचारलास असाइनमेंट आधी की वाचन आधी. माझं मत पक्कं आहे, प्रश्न आधी. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस तर पहिल्या ब्लॉकच्या (भागाच्या) दुसऱ्या घटकात (धड्यात) झोप लागणार. माझी पद्धत अशी होती.

सत्र सुरू झालं की असाइनमेंटचे प्रश्न वेबसाइटवरून काढून झेरॉक्स करून ठेवायचे. त्याच सत्राचे पाहिजेत, मागच्या सत्राचे लिहिलेस तर चालत नाहीत. मग प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं लिहायचं, हा कुठल्या ब्लॉकच्या कुठल्या घटकात आहे. अनुक्रमणिका बघून अर्ध्या तासात होतं. आता अख्ख्या पुस्तकातले कामाचे घटक तुझ्यासमोर आले.

घटक हातात घेतला की सरळ शेवटी जा. प्रत्येक घटकाच्या शेवटी सारांश असतो. तो वाच, मग मधले "आपली प्रगती तपासा" चे छोटे प्रश्न बघ, मग घटक वाच. उलटं वाटतं, पण काय सांगणार आहेत ते आधी कळल्यावर इंग्लिश अर्धं सोपं होतं.

दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी १०० शब्दांची उत्तरं लिहायची. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच कागद ठेवलेले असायचे. ५०० शब्दांची उत्तरं फक्त रविवारी, पोरं आजोळी गेल्यावर. मोठ्या कामाला सलग वेळ लागतो, छोट्याला लागत नाही. शिफ्टमध्ये जेवणाची सुट्टी असेल ना तुला? त्यात एक छोटं उत्तर बसतं.

सेकंड_शिफ्ट

सुट्टी आहे अर्ध्या तासाची. पण तिथं पुस्तक काढलो की सगळे गोळा होतात. मोबाईलवर वाचता येतं काय?

शहापूरची_लेक

ई-ज्ञानकोशवर सगळी पुस्तकं घटकवार पीडीएफमध्ये आहेत, फुकट. मोबाईलवर वाचलास तर लोकांना वाटतं रील बघतोय, कोणी विचारत नाही. 😀

आणखी एक. तिथं बीएची बरीच पुस्तकं इंग्लिशमध्ये आहेत तशी हिंदीतही आहेत. आपण मराठी शाळेतले. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्राचं हिंदी पुस्तक आपल्याला झटकन कळतं, शब्द ओळखीचे असतात. मी आधी हिंदीतून घटक समजून घ्यायची, मग इंग्लिशमधून वाचायची आणि उत्तर इंग्लिशमध्ये लिहायची. वेळ जास्त जाईल असं वाटतं, पण एकच इंग्लिश परिच्छेद चारदा वाचण्यापेक्षा कमीच जातो.

नाना_खानापूरकर

मी तर माध्यमच हिंदी घेतलं होतं. फौजेत हिंदीच चालायची.

निपाणीकर_सर

नाना, तोही मार्ग आहे. फक्त एक माध्यम घेतलं की त्यातच लिहायचं. अर्धं उत्तर इंग्लिश आणि शेवटचा परिच्छेद हिंदीत अशा वह्या येतात, तेव्हा काय करावं कळत नाही.

मलप्रभेकाठची

मी जांबोटीच्या पुढची. थोडं वेगळं सांगते, कारण माझा कोर्स वेगळा आहे. मी आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस करते, डेटा सायन्सचा. हा २०२० साली सुरू झाला. जेईई लागत नाही, बारावी पास आणि दहावीला गणित-इंग्लिश असलं की क्वालिफायरला बसता येतं. चार आठवडे शिकवतात, मग परीक्षा. पास झालं की फाउंडेशन. घरच्या उत्पन्नानुसार आणि प्रवर्गानुसार फीत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ती मिळाली म्हणून आम्हाला परवडला, नाहीतर इग्नूच्या मानानं महाग आहे.

इग्नूवाले सहा महिने कोणाला विचारत नाहीत. इथं दर आठवड्याला विचारतात. व्हिडिओ लेक्चर आठवड्यानुसार येतात, त्यावरची असाइनमेंट ठरलेल्या रात्री बंद होते. मग सत्रात दोन क्विझ आणि शेवटची परीक्षा, त्या शहरातल्या केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष द्यायच्या. वर्षात तीन सत्रं, जानेवारी, मे आणि सप्टेंबर.

आमच्याकडं अडचण रेंजची. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवर बंद, टॉवर बंद की सगळंच बंद. हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) लोक बिचारे झाडं पडलेली उचलत असतात, त्यांना तरी काय बोलायचं. म्हणून मी शेवटच्या दिवसाची वाट कधीच बघत नाही. खानापूरला क्लासला जाते तिथं रेंज चांगली, तिथंच आठवड्याचे व्हिडिओ मोबाईलवर उतरवून घेते. घरी येऊन बघते. असाइनमेंटची उत्तरं वहीत सोडवते आणि पुढच्या वेळी खानापूरला गेले की भरते. मुदत संपेपर्यंत उत्तर बदलून पुन्हा सबमिट करता येतं, म्हणून जे सुटलंय ते लगेच भरून टाकायचं, अडलेलं नंतर सुधारायचं.

सेकंड_शिफ्ट दादा, मला वाटतं तुमची खरी अडचण ही आहे की तुम्हाला कोणी आठवड्याला विचारत नाही. माझे गणिताचे मार्क काही फार ग्रेट नाहीत, पण मी कोर्समध्ये टिकले ती त्या साप्ताहिक मुदतीमुळं. इग्नूत ती नाही तर आपणच लावून घ्यायची. माझ्या मैत्रिणीचा इग्नूचा बीकॉम चालू आहे. ती दर शनिवारी रात्री मला एका उत्तराचा फोटो पाठवते. मी वाचतही नाही पूर्ण, मला त्यातलं कळतही नाही. पण नाही आला तर मी फोन करते.

सेकंड_शिफ्ट

हे आवडलं. मला कोण फोन करणार पण?

नाना_खानापूरकर

मी करतो. मला रिटायरमेंटनंतर दुसरं काम काय आहे? पण मी फौजी, "उद्या पाठवतो" चालणार नाही.

चंदगडचा_पाहुणा

जरा आडवा प्रश्न. मी शिनोळीच्या पलीकडचा, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला, पण कामाला बेळगावात. माझ्या बेळगावच्या मावसभावाला मराठीतूनच बीए करायचं आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र बेळगावात का नाही?

निपाणीकर_सर

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतंय, पण त्याची हद्द महाराष्ट्र. मैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची हद्द कर्नाटक. इग्नू केंद्र सरकारचं, त्यामुळं देशभर. पूर्ण ऑनलाइन म्हणून मान्यता मिळालेल्या कोर्सला मात्र हद्द नाही, तो कुठूनही करता येतो. "दूरशिक्षण" आणि "ऑनलाइन" हे कागदावर दोन वेगळे प्रकार आहेत, माहितीपत्रकात कुठला लिहिलाय ते बघायचं. मावसभावानं तुमच्या बाजूच्या केंद्रावर जाऊन कर्नाटकातल्या पत्त्यावर प्रवेश देतात का ते आधी विचारावं, पैसे नंतर भरावेत. संपर्क तास आणि परीक्षा तिकडंच असणार हेही धरून चालावं.

आणि कुठलंही विद्यापीठ असो, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या सत्रासाठी त्या कोर्सचं नाव आहे का ते बघायचंच. मैसूरच्या मुक्त विद्यापीठाची मान्यता मधली काही वर्षं नव्हती, २०१८-१९ पासून परत मिळाली. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्यांचे हाल आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी बघितलेत. यादीतला कोर्स असला की नोकरीसाठी दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरली जाते, २०२२ मध्ये यूजीसीनं ते स्पष्ट केलंय.

चंदगडचा_पाहुणा

म्हणजे सीमा इथंही आलीच.

येळ्ळूर_एक्स्प्रेस

सीमा कुठं नाही येत अण्णा.

ग्रामवनवाला

कागदपत्रांचं सांगतो, ग्रामवन म्हणजे सरकारी सेवा केंद्रात रोजचं काम आहे माझं. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन ॲडमिशनला डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर, लागतो. तो काढायला एबीसी आयडी लागतो, म्हणजे क्रेडिट बँकेचा नंबर. तो डिजिलॉकरवरून निघतो, आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. आता आपल्याकडची मजा बघा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव पुढं, बापाच्या नावाचं एकच अक्षर. आधारवर आडनाव शेवटी, बापाचं नाव पूर्ण. पीयूसीच्या मार्क्स कार्डावर तिसरंच स्पेलिंग. पाटील चार प्रकारे लिहिलेलं मी एकाच घरात बघितलंय. जानेवारी सत्राच्या ॲडमिशनच्या शेवटच्या आठवड्यात पोरं माझ्याकडं पळत येतात आणि नाव जुळत नाही म्हणून फॉर्म अडकतो. आधार दुरुस्तीला वेळ जातो. ज्यांना पुढच्या सत्राला ॲडमिशन घ्यायची आहे त्यांनी आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

शहापूरची_लेक

लग्न झालेल्या पोरींनी तर नक्कीच. माझं माहेरचं नाव मार्क्स कार्डावर, सासरचं आधारवर. मी आधार माहेरच्या नावावरच ठेवलं असतं तर बरं झालं असतं असं कितीदा वाटलं.

माळमारुती_मावशी

माझ्या मुलानं असाइनमेंट वेळेवर दिल्या होत्या, पण ग्रेड कार्डवर दोन विषयांचे मार्क चढलेच नाहीत. केंद्रावर विचारलं तर "आम्ही वर पाठवले" म्हणाले, वर विचारलं तर "केंद्राला विचारा". असं झालं तर काय करायचं?

निपाणीकर_सर

मावशी, पावती आहे का? असाइनमेंट देताना सही-शिक्क्याची पोच मिळते, ती असली की तक्रार लिहिता येते. पोच, पहिल्या पानाचा फोटो आणि ग्रेड कार्डचा स्क्रीनशॉट जोडून केंद्राला आणि रीजनल सेंटरला एकाच ईमेलवर पाठवा. दोघांना एकत्र पाठवलं की चेंडू टोलवता येत नाही. एक दिलासा, परीक्षेत तो विषय पास असेल तर ते मार्क जात नाहीत, असाइनमेंटचे चढले की निकाल पूर्ण होतो.

ज्यांच्या केंद्रानं स्कॅन करून ऑनलाइन मागितलंय त्यांनी फॉर्म भरल्यावर येणारा मेल जपून ठेवावा. आणि फोटो काढताना पानावर स्वतःची सावली पाडू नका हो, अर्धं उत्तर काळं दिसतं.

माळमारुती_मावशी

पोच आहे, देव्हाऱ्यात ठेवलीय मी. उद्याच पाठवायला लावते.

सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून मी असं ठरवलो आहे. या डिसेंबरला तीनच विषय, उरलेले जूनला किंवा त्याच्या पुढं. जून माझा भाऊ शेतावर बघतो म्हणालाय, बघू. असाइनमेंटचे प्रश्न काल झेरॉक्स केलो आणि इतिहासाच्या प्रश्नांपुढं घटक लिहून काढलो. अक्का, खरंच अर्ध्या तासात झालं. पहिलं १०० शब्दांचं उत्तर आज जेवणाच्या सुट्टीत लिहिलो, मोबाईलवर वाचून. शेजारच्या मशीनवाल्यानं विचारलं काय लिहितोस, म्हटलं हरप्पाची गटारं. तो हसला आणि मग विचारलं, फी किती आहे रे?

रविवारी सकाळी मी सार्वजनिक वाचनालयात बसणार आहे. कोण येणार असेल तर सांगा.

मलप्रभेकाठची

मी येईन, क्विझची तयारी आहे. खानापूरची सकाळची गाडी वेळेवर आली तर.

झटपट_बेळगावकर

मीपण येतो. माझेही चार विषय राहिलेत, कोणाला सांगू नका.

शहापूरची_लेक

इथं लिहिलंत तुम्ही, झटपटराव. सगळ्या बेळगावला कळलं. 😄

नाना_खानापूरकर

सेकंड_शिफ्ट, उत्तराचा फोटो आला नाही अजून. आज शनिवार.

सेकंड_शिफ्ट

नाना, शिफ्टवर आहे, सुटल्यावर पाठवतो. एक शेवटचं विचारतो, असाइनमेंट स्टेपल करून द्यायची की फाइलमध्ये?

निपाणीकर_सर

ए-फोर कागद, डाव्या कोपऱ्यात दोरा किंवा टॅग. प्लॅस्टिकची फाइल नको, गठ्ठ्यात घसरते. प्रत्येक विषय वेगळा बांधायचा आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, कोर्स कोड, केंद्राचा कोड, नाव, पत्ता, सही. व्हाइटनर न लावता.